"शिकून बावर्चीच व्हायचं का?"

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हटलं की आमच्या नांदगाव पेठमध्ये अजूनही घरचे हाच प्रश्न विचारतात. वलीम्यात दोनदा बिर्याणी मागून घेणारेच विचारतात, बरं का!

लखनौच्या बावर्ची घराण्यातले इम्तियाज कुरेशी 2016 मध्ये पद्मश्री झाले. हात सोन्याचा, पण 'दम पुख्त' राहिलं आयटीसी कंपनीचं.

मुंबईत जन्मलेले फ्लॉइड कार्डोझ बायोकेमिस्ट्री सोडून स्वयंपाकाकडे वळले. न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या किचनमध्ये राबले. 1998 मध्ये सुरू झालेलं 'तबला' त्यांच्या हाताने गाजलं, तरी व्यवसाय डॅनी मायर यांचा होता. 2011 मध्ये 'टॉप शेफ मास्टर्स' जिंकले, त्या अंतिम फेरीत मश्रूमचा उपमा होता. आपला उपमा! मुंबईत 'द बॉम्बे कँटीन' उघडलं ते 2015 मध्ये, समीर सेठ आणि यश भानगे यांच्या भागीदारीत. मार्च 2020 मध्ये कोरोनाने ते गेले.

आपल्या पोरांना देगेजवळ उभं राहून मसाल्याचा अंदाज अब्बांकडून मिळतोच. मला काळजी आहे ती वहीची. किलोला खर्च किती, परवाना कोणता, भागीदारीचा कागद कसा करायचा, हे कोणी शिकवत नाही. बावर्चीच्या हिशेबाचं गणित आठवीच्या वर्गात घ्यायला काय हरकत आहे?