फाटक आणि आमटी

भाचीसाठी पुण्यात वसतिगृह बघत हिंडतेय. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, खोलीआधी मी भिंतीवरचे नियम वाचते. रात्री साडेआठला फाटक बंद. उशीर झाल्यास पालकांची चिठ्ठी. गॅलरीत विनाकारण उभं राहू नये. (सकारण कसं उभं राहतात?) ‘‘मुलांचं हॉस्टेल कितीला बंद होतं?’’ मी विचारलं. रेक्टरबाई हसल्या. ‘‘अहो ताई, मुलांचं काय!’’

मुलांचं काय, ते केंब्रिजला विचारावं. तिथलं न्यूनहॅम कॉलेज 1871 मध्ये एका घरात पाच मुलींनिशी सुरू झालं. पहिली इमारत 1875 ची. बेसिल चॅम्पनीज हा वास्तुरचनाकार पुढे पस्तीसेक वर्षं तिला जोड देत राहिला. लाल विटा, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या, मध्ये बाग आणि इमारती जोडणारे लांबच लांब कॉरिडॉर. पावसात न भिजता जेवायला जाता येतं.

1921 मध्ये बायकांना पूर्ण सदस्यत्व द्यायचं नाही, असं विद्यापीठानं मतदान घेऊन ठरवलं. त्या आनंदात मुलगे हातगाडी घेऊन न्यूनहॅमवर चालून गेले आणि पहिल्या प्राचार्य अ‍ॅन क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेलं ब्राँझचं फाटक त्या गाडीनं फोडलं. फाटक फोडणारे मुलगे. पण साडेआठला आत कोंडायचं मुलींना! सदस्यत्व मिळायला 1948 उजाडलं. मधल्या काळात, 1939 मध्ये, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमला (पुढे सोहोनी) न्यूनहॅममधूनच पीएचडी झाल्या. बंगलोरला सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला होता, त्याच या.

मघाशी कॉरिडॉरमधून जेवायला जाण्याचं म्हटलं, त्यावरून आठवलं. 1928 मध्ये व्हर्जिनिया वुल्फ न्यूनहॅमला व्याख्यानाला गेल्या. त्यातून झालेल्या पुस्तकात पुरुषांच्या कॉलेजातलं दुपारचं चमचमीत जेवण आहे आणि बायकांच्या कॉलेजातलं रात्रीचं. रात्री गोडाला काय, तर सुकवलेले प्लम आणि कस्टर्ड. वर प्यायला पाणी! बायकांच्या संस्थांकडे पैसा नाही, हे त्यांनी त्या ताटावरून दाखवलं.

आमच्या हॉस्टेलच्या आमटीत डाळ शोधावी लागे, म्हणून मला हे पटतं. पोळी गार, भात चिकट, रविवारी संध्याकाळी मेस बंद आणि बाहेर खायला जावं तर फाटकही बंद. त्या अवस्थेत आम्ही प्रबंध लिहिले. आजही वसतिगृहाच्या माहितीपत्रकात कॅमेरे, वायफाय, बायोमेट्रिक सगळं छापतात. आठवड्याचा मेनू छापत नाहीत. भाचीनं विचारला तर ‘‘घरच्यासारखं असतं,’’ एवढंच उत्तर.

मेस कमिटीवरच्या सन्माननीय सदस्यांना माझी विनंती आहे : सलग आठ दिवस, दोन्ही वेळा, मुलींच्या पंगतीला बसा. फाटकाचं नंतर बघू, आमटी तरी सुधारेल.