ओउको यांचा मृत्यू आणि अपुरी चौकशी

ऊस पिकविणाऱ्या प्रदेशातील वाचकांना मळी म्हणजे काय, हे सांगावयास नको. या मळीपासून मद्यार्क काढण्याचा एक मोठा कारखाना केनियातील किसुमू येथे उभा राहावयाचा होता. १९७० च्या दशकात सुरू झालेले ते काम अर्ध्यावरच थांबले. पुढे याच प्रकल्पाचे नाव त्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या हत्येच्या संदर्भात घेतले गेले.

रॉबर्ट ओउको यांनी आरंभी प्राथमिक शिक्षकाची नोकरी केली. नंतर अदिस अबाबा येथे त्यांनी अर्थशास्त्र व लोकप्रशासन यांचे अध्ययन केले. केनिया, युगांडा व टांझानिया यांच्या पूर्व आफ्रिकी समुदायात ते मंत्री होते. १९७७ मध्ये तो समुदाय मोडला. त्यानंतर ते दोन वेळा केनियाचे परराष्ट्रमंत्री झाले.

१९९० च्या फेब्रुवारीत, अध्यक्ष मोई यांच्यासमवेत अमेरिकेचा दौरा करून परतल्यावर थोड्याच दिवसांत, ते कोरू येथील आपल्या घरातून नाहीसे झाले. जवळच्या टेकडीवर त्यांचा जळालेला मृतदेह सापडला. डोक्यात गोळी लागलेली होती. तरीही प्रथम आत्महत्येची भाषा बोलली गेली. जनक्षोभ उसळल्यावर सरकारने स्कॉटलंड यार्डचे जॉन ट्रून यांना पाचारण केले. मळीचा प्रकल्प पुन्हा सुरू करण्याची ओउको यांची खटपट आणि त्यातील भ्रष्टाचाराचा वाद हा हत्येचा एक संभाव्य हेतू असल्याचे ट्रून यांनी मांडले.

हा तर्क कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. परंतु तो खोटाही ठरला नाही. कारण न्यायमूर्ती गिचेरू यांचा चौकशी आयोग अहवाल देण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९९१ मध्ये, मोई यांनी बरखास्त केला. एका जिल्हा अधिकाऱ्यावर खटला झाला. १९९४ मध्ये तो निर्दोष सुटला. संसदीय समितीचा अहवाल २०१० मध्ये सभागृहापुढे आला, पण तो स्वीकारला गेला नाही. या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

गरीब राष्ट्राने आधी भाकरीची चिंता करावी, आयोगांचा खर्च त्याला परवडत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः त्याच नोव्हेंबरात पॅरिस येथे जमलेल्या मदतदार राष्ट्रांनी गैरकारभाराकडे बोट दाखवून केनियाची नवी मदत रोखून धरली. ज्या राज्यात हिशेब विचारणे धोक्याचे ठरते, तेथे कारखानेही पुरे होत नाहीत आणि भाकरीही महागते.

चौकशी मध्येच थांबविणाऱ्यांना वाटते, की प्रकरण मिटले. प्रत्यक्षात मृताला न्याय मिळत नाही आणि ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यांच्यातील निरपराधांचीही सुटका होत नाही. आयोग नेमणे सोपे असते. त्याचा निष्कर्ष ऐकून घेण्याचे धैर्य सत्तेपाशी आहे की नाही, यावरच लोकशाहीची परीक्षा होते. आपल्याकडे एखादा आयोग नेमला जातो, तेव्हा केवळ घोषणेवर संतुष्ट न राहता, ‘अहवाल कोठे आहे?’ असे आपण विचारीत राहिले पाहिजे.