वानवळा घराबाहेर पडण्यापूर्वी



अश्विन लागला की खेड्यात सुगी आणि सण एकदमच अंगावर येतात. सोयाबीन काढणीला आलेले असते, भुईमूग उपटायचा असतो, कोकणात हळवे भात पिवळे पडलेले असते आणि शाळूची पेरणी तोंडावर असते. मजूर मिळत नाहीत आणि घरातल्या बायकांना पाठ टेकायला वेळ नसतो. तरीही नव्या पिकातले सूपभर काही शेजारी, लेकीच्या सासरी, मास्तरांच्या घरी पाठवायची रीत आपण सोडलेली नाही. हाच आपला वानवळा. आज खते-औषधे बाजूला ठेवून त्याविषयीच बोलू.

आधी शेंग पाहा

वानवळ्यात पहिला मान भुईमुगाचा. ओल्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात आणि त्याच दिवशी संपवाव्यात. ठेवायच्या शेंगा मात्र नीट वाळवायला हव्यात. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळ वाजला पाहिजे आणि दाणा बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे. दाण्यातली ओल 8 टक्क्यांवर आली, की शेंग साठवायला योग्य झाली.

काढणीत पाऊस सापडला, ढीग झाकून ठेवावा लागला, की शेंगेत बुरशी शिरते. पिवळसर हिरव्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते. भाजल्याने, तळल्याने किंवा उकळल्याने ते जात नाही. असा दाणा किंवा त्याची पेंड गाईम्हशीला घातली, तर विष दुधातही उतरते. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत पावसात भिजून बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यांच्या घरी दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी तो खाल्ला.

आता मुद्द्याचे बोलतो, राग मानू नका. पुष्कळ घरांत टपोरी शेंग बाजारात जाते, बरी शेंग पाहुण्यांसाठी राहते आणि काळपट, सुरकुतलेली शेंग घरच्या कुटासाठी किंवा खुडणीच्या बायकांच्या ओट्यात पडते. 'टाकायची कशाला, कुणाच्या तरी पोटात जाईल,' असे आपण म्हणतो. पण त्या पोटात विष जाते. कुजकट, कडवट, रंग बदललेला, बुरशीची पूड असलेला दाणा कोणालाही देऊ नये, गुरांनाही नाही. तो खोल पुरून टाकावा. निवडताना तोंडावर फडके बांधावे. पायलीमागे मूठभर दाणा गेला, तरी दवाखान्याच्या खर्चापुढे ते नुकसान काहीच नव्हे.

दाण्याचे लाडू

निवडलेले दाणे 1 किलो, चिरलेला गूळ 600 ते 700 ग्रॅम, वेलदोडे आठ-दहा आणि थोडी सुंठ घ्यावी. दाणे मंद आचेवर सारखे हलवत भाजावेत. आच मोठी झाली तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. गार झाल्यावर चोळून साले पाखडून काढावीत. दाणे जाडसर कुटावेत, मग गूळ घालून पुन्हा कुटावे. दाण्याचे तेल सुटते, त्यामुळे तूप लागत नाही. लाडू वळून कोरड्या डब्यात ठेवले तर पंधरवडाभर चांगले राहतात. सुगीत शेतावर न्यायला याहून सोयीचा खाऊ नाही.

अनारशाचे पीठ

दिवाळीला महिना-पंधरा दिवस असतानाच हे काम उरकावे. जुना तांदूळ धुऊन तीन दिवस भिजवावा आणि पाणी रोज बदलावे. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरावा. हाताला दमट लागेल, पण ओला लागणार नाही, इतपतच वाळवावा. कुटून बारीक चाळावा. पिठाच्या वजनाइतकाच किसलेला गूळ घालून घट्ट मळावा आणि गोळे डब्यात दाबून ठेवावेत. पाच-सहा दिवसांनी पीठ मुरते.

खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात तळावे. अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून पसरला, तर पीठ सैल झाले असे समजावे. त्यात थोडे तांदळाचे पीठ मळावे. ज्या घरी यंदा हातात वेळ नाही, त्यांना तयार पिठाचा गोळाच वानवळा म्हणून पाठवा. ते तळून खातील आणि तुमची आठवण काढतील.

घटाशेजारी बियाण्याची परीक्षा

घटातली हिरवी रोपे आपण दसऱ्याला टोपीत खोवतो. मुलांना घेऊन त्याच दिवसांत आणखी एक काम करा. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळा. त्यावर पेरायच्या बियाण्याचे 100 दाणे, दहाच्या दहा ओळी, मांडा. वर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करा. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. गहू-हरभऱ्याचे मोड आठव्या दिवशी मोजावेत, ज्वारीचे दहाव्या दिवशी. प्रमाणित बियाण्यात ज्वारी किमान 75 आणि गहू व हरभरा किमान 85 उगवले पाहिजेत, असा दंडक आहे. घरचे बी यापेक्षा फार कमी भरले, तर वेळीच बदलावे.

शाळूची पेरणी साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात व्हायला हवी. घट उशिरा बसणार असतील तर परीक्षा आधीच करा, सणासाठी वाफसा घालवू नका. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे पारखलेले बी सोयऱ्याला पायलीभर देणे हाही मोठा वानवळाच. संकरित बी मात्र घरचे धरू नये. औषध लावलेले बी खाण्याच्या धान्यात कधीही मिसळू नये.

दारावरचे नवं

कोकणात नव्या पिकाच्या लोंब्यांची जुडी दाराला बांधतात, तिला 'नवं' म्हणतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याची पाने, झेंडू आणि कुरडूची फुले एकत्र बांधायची. देशावर बाजरीचे कणीस घेऊन तशीच जुडी करता येईल. लोंब्या वीतभर काडीसह कापाव्यात, दोन दिवस सावलीत वाळवाव्यात आणि केळीच्या सोपाने बांधाव्यात. मुलांना सांगा, शेतातली सर्वांत भरदार, निरोगी लोंबी शोधून आणा. बियाण्याची निवड ती तिथेच शिकतील. दोन जुड्या जास्त करून गावातून नोकरीसाठी बाहेर गेलेल्यांना द्या. शहरातल्या दारावर त्या शोभतात.

शेवटी एक सांगणे. प्रत्येक गावात या वर्षी पीक हातचे गेलेले एखादे घर असतेच. नाल्याकाठचे रान वाहून गेलेले असते, नाही तर सोयाबीन गंजीत कुजलेले असते. त्या घरी वानवळा परतफेडीच्या हिशेबाने पाठवू नका, आणि चारचौघांत तर नकोच. घरातल्या पोराच्या हाती, तिन्हीसांजेला, लाडवांचा डबा जाऊ द्या. डब्यात तेच लाडू असावेत, जे तुम्ही तुमच्या व्याह्यांना पाठवले.

पुढील अंकी हरभऱ्याच्या पेरणीविषयी लिहीन.