परवाना म्हणजे प्रकृतीचा दाखला नव्हे

संपादक महाशय,

परवान्याच्या वेळी वैद्यकीय दाखला घेतलेलाच असतो, सबब नेमणुकीपूर्वी नव्या ट्रकचालकाची पुन्हा तपासणी ही निव्वळ छळणूक होय, हे आपल्या गेल्या अंकातील लेखकाचे प्रतिपादन अर्धसत्य आहे. २५ मीटरवरील नंबरप्लेट दिसते काय, तांबडा-हिरवा ओळखतो काय, रातांधळेपणा आहे काय, हे त्या वैद्यकीय दाखल्याचा ‘नमुना १-अ’ विचारतो खरा. परंतु मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाल्यामुळे, चौथ्या वर्षी रुजू होणाऱ्याच्या आजच्या दृष्टीविषयी तो दाखला मूकच राहतो. समोरच्या दिव्यांभोवती मला मोतीबिंदूची वलये दिसू लागली, तेव्हा खिशातला परवाना पूर्ण कायदेशीर होता. तपासणीचा खर्च चालकाच्या पगारातून कापू नये, एवढे मात्र मान्य.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक, कळंबोली