सामू दोनदा मोजा, साठाही मोजा

शेततळ्यात मासे पाळणारे अनेक जण आता पाण्याचा सामू मोजतात, ही चांगली गोष्ट आहे. पण सकाळी एकदा पट्टी बुडवायची आणि ‘साडेसात आला, म्हणजे पाणी ठीक’ असे मानायचे, हे धोक्याचे आहे.

दिवसा पाण्यातले शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरते आणि सामू चढतो. रात्री मासे, शेवाळ, जिवाणू सगळेच तो वायू सोडतात आणि पहाटेपर्यंत सामू उतरतो. हिरव्यागार तळ्यात पहाटेचा साडेसात दुपारी तीनला साडेनऊवर जाऊ शकतो. खरा घाव बसतो तो अमोनियाचा. पाणी 30 अंश सेल्सियस असेल, तर सामू 7 असताना अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की तोच भाग 40 टक्क्यांपुढे जातो. खाद तेच, मासे तेच, पण दुपारचे पाणी वेगळे.

हा चढउतार आवरतो तो पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, म्हणजेच अल्कलिनिटी. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ती लिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर सामू भरकटतो. 75 ते 150 असेल, तर बराच ताळ्यावर राहतो. विहिरीच्या पाण्यात हा साठा बहुधा पुरेसा असतो. पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नसतो आणि तळाशी प्लास्टिकचा कागद असला की मातीतूनही भर पडत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीवरही हीच अडचण येते.

म्हणून शेजाऱ्याने चुना टाकला, की आपणही टाकायचा, हे बरोबर नाही. मासे असलेल्या तळ्यात कळीचा चुना टाकला तर सामू एकदम उसळतो आणि मासे दगावू शकतात. चुनखडीची बारीक भुकटी सावकाश विरघळून साठा वाढवते. साठा आधीच पुरेसा असेल, तर तोही खर्च पाण्यातच जातो.

जमिनीसाठी 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. तशीच साधी पत्रिका मत्स्यशेतीच्या पाण्यालाही मिळायला हवी: पहाटेचा सामू, दुपारचा सामू आणि अल्कलिनिटी. बीज सोडण्याआधी हे तीन आकडे हाती असले, तर औषधांच्या बाटल्यांवरचा बराच पैसा वाचेल.