भय आणि कल्पना

मनोराज्य हा शब्द आपण बहुधा निंदेने योजतो. परंतु त्याच कल्पनाशक्तीने भय निवारता येते, हे दक्षिण आफ्रिकेचे मनोवैद्य जोसेफ वोल्पी यांनी १९५८ साली ग्रंथरूपाने मांडले. रोग्याने प्रथम अंग शिथिल करण्यास शिकावे. मग भयप्रसंगांची चढती यादी करून सर्वांत सौम्य प्रसंग मनश्चक्षूंपुढे आणावा. चित्त शांत राहिले तरच पुढची पायरी. भय दाटल्यास कल्पना तेथेच थांबवावी.

शिक्षक असताना पाण्यास भिणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही सर्वांदेखत हात धरून नदीत उतरविले होते. तो पुन्हा घाटाकडे फिरकला नाही. धैर्य शिकविले, असे आम्हांस तेव्हा वाटले. शिकविले ते भयच. घरातील भित्र्या मुलास हसण्यापूर्वी वाचकांनी हे स्मरावे.