जग दारात आलं, पण अटी कुणाच्या?

‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द हल्ली सरकारी जाहिरातीत, कुलगुरूंच्या भाषणात आणि कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवर सारख्याच उत्साहाने वापरला जातो. जणू जग आजवर मुंबई-पुण्यापर्यंतच पोचलं होतं आणि आता कुठे आमच्यासारख्या गावांवर त्याची कृपा होणार आहे. मी हसनाबादचा, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातला. मला हे म्हणणं साफ खोटं वाटतं. जग आमच्याकडे कधीचंच आलंय. ते येतं तेव्हा अटी कोण लिहितं, हा खरा प्रश्न आहे आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

आमचं तालुक्याचं गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सातवाहन काळातलं व्यापारी केंद्र. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाचं नाव आहे. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ती गाडली गेली होती. पुढे १९७०च्या दशकात भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि पाँपेईची मूर्ती आमच्याच भागात घडली असावी, असं काही अभ्यासक म्हणू लागले. म्हणजे आमच्या तालुक्याला ‘ग्लोबल’ होऊन दोन हजार वर्षं होत आली. मूर्ती कोरणाऱ्याच्या हातात मात्र किती पडलं, याची नोंद कुठल्याच शिलालेखात नाही.

आता आजचं बघा. भोकरदन, जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात फिरलात, तर रानारानांत शेडनेट दिसतील. त्यांत मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट असतात. कंपनी नर-मादीचं बियाणं देते. पाकिटावर वाणाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. बायका चिमट्याने फुलातले पुंकेसर काढतात, मग हाताने पराग लावतात आणि क्रॉसिंग झालेल्या फुलाला खूण करतात. डोळे आणि मान मोडून टाकणारं काम आहे हे. तयार झालेलं बी कंपनीला जातं आणि तिथून देशातल्या, परदेशातल्या शेतांत. मग उगवणीची आणि शुद्धतेची तपासणी होते, तिला काही महिने लागतात. पास झालं तर पैसे, नापास झालं तर हंगाम गेला. आणि तपासणी कोण करतं? ज्याला पैसे द्यायचेत, तोच.

एका वर्षी आमच्या घरचा प्लॉट असाच नापास झाला. निकाल फोनवर कळला. वडिलांनी रिपोर्टचा कागद मागितला, तर ऑर्गनायझर म्हणाला, “दादा, ते सगळं कंपनीच्या सिस्टीममधी असतं.” करार इंग्रजीत होता आणि त्याची प्रतही घरी नव्हती. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आनुवंशिकी हा आमचा विषय होता, परीक्षेसाठी मेंडेलचे वाटाणे तोंडपाठ होते. पण जगाला लागणारं संकरित बियाणं कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर तयार होत असताना आमची एकही सहल त्या शेडनेटमध्ये गेली नाही. शुद्धतेची तपासणी कशी करतात, हे एकाही प्रात्यक्षिकात दाखवलं नाही. धंदा जागतिक झाला, शिक्षण जिल्ह्याचंही झालं नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत आमच्या घरचा हंगाम गेला.

अटी बदलत नाहीत असं समजू नका. जालन्याचाच इतिहास घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली. १९९८ साली त्यांना ‘वर्ल्ड फूड प्राइझ’ मिळालं आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे तब्बल १,२५० रुपये निव्वळ तंत्रज्ञानाचे म्हणून आकारले जाऊ लागले. आंध्र प्रदेश सरकारने एमआरटीपी आयोगाकडे दाद मागितली आणि २००६ साली तिथे अख्ख्या पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. तंत्रज्ञान तेच होतं, कंपनी तीच होती. फक्त एक सरकार शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहिलं.

उच्च शिक्षणात असं कोण उभं राहणार? जून २०२५मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था. ती नवी मुंबईच्या ‘एज्युसिटी’त येणार आहेत. यूजीसीचे २०२३चे नियम वाचा. प्रवेशाचे निकष विद्यापीठ ठरवणार, फी विद्यापीठ ठरवणार, परकीय चलन कायद्याच्या चौकटीत पैसा मायदेशी नेता येणार. फी ‘वाजवी’ असावी असं लिहिलंय, पण वाजवी म्हणजे किती आणि कुणाच्या खिशाला, हे नाही लिहिलेलं. शिष्यवृत्ती ‘देता येईल’, द्यावीच लागेल असं नाही. ही भाषा आमच्या ओळखीची आहे. सीड प्लॉटच्या करारात कंपनीचा प्रत्येक हक्क ठाम असतो आणि प्रत्येक कर्तव्य ऐच्छिक.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “पोरं तशीही बाहेर जातात, मग इथेच शिकली तर देशाचा पैसा वाचेल.” कुणाची पोरं? जी लंडनला जाऊ शकतात, ती नवी मुंबईतही शिकू शकतील. ज्याला संभाजीनगरच्या कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं जड जातं, त्याच्यासाठी अ‍ॅबर्डीन स्कॉटलंडमध्ये असलं काय आणि पनवेलच्या अलीकडे असलं काय, अंतर तेवढंच. ‘जगात जायला विरोध करणारे मागासलेले’ असंही म्हटलं जातं. विरोध जगाला नाहीच. आमच्यातला प्रत्येक जण जगात जायला टपलेलाच आहे.

जगाशी नातं कसं जोडावं, याचा धडा मराठवाड्याला मिळालेला आहे. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या काळात मराठवाड्यातल्या पोराला विद्यापीठासाठी हैदराबाद गाठावं लागे, त्या काळानंतर लगेच, १९५० साली त्यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं. सार्वजनिक पैशावर एक माणूस जगात गेला आणि येताना जग इथल्या वर्गात घेऊन आला. आज सरकार राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी पाठवतं. पंच्याहत्तर! अख्ख्या महाराष्ट्रातून! एज्युसिटीच्या उत्साहातला थोडा जरी वाटा इकडे वळवला, तरी हा आकडा वाढेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सीड प्लॉटचा करार मराठीत हवा, त्याची प्रत शेतकऱ्याच्या घरात हवी. नमुन्याचा एक भाग सीलबंद ठेवून त्याची फेरतपासणी सरकारी प्रयोगशाळेत करता यावी. जालना जिल्ह्यातल्या कॉलेजांत बीजोत्पादन शिकवलं जावं, इंग्रजीसकट, म्हणजे पोरांना करारही वाचता येईल आणि रिपोर्टही. परदेशी विद्यापीठाला जमीन आणि सवलत हवी असेल, तर फीमाफीच्या जागा आणि आरक्षण ही अट असावी, विनंती नव्हे. आणि आमच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा आधी भरा.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आत्ता कुठल्यातरी ‘स्टडी अब्रॉड’च्या रील्स बघत असतील. जरूर जा. पण सही करण्याआधी करार पूर्ण वाचा, आणि जमलंच तर घरी बापाने सही केलेला कागदही मागून घेऊन वाचा. दोन्हीकडची भाषा किती सारखी आहे, ते कळेल.